डावा कान मिळणेबाबत

१

विषय : समुद्रात राहिलेला डावा कान परत आणण्याकरिता होडी नेण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : श्री. बाबली तांडेल, राहणार तोंडवली, यांचा एप्रिल १९६० मधील अर्ज.

बंदर कचेरीतल्या हरिश्चंद्र नेरूरकर कारकुनांनी अर्ज दोनदा वाचला. खाडीच्या तोंडावरची ती कचेरी म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि एक खिडकी. होड्यांचे परवाने तिथे मिळत. निदान मिळतील असं तिथे सांगितलं जाई. समुद्रात राहिलेल्या वस्तूंबद्दलचे अर्ज नेरूरकरांना नवे नव्हते. नांगर, जाळी, वल्ही, एकदा तर कुणाच्या सासऱ्याची कवळी. म्हणजे शरीराच्या भागाबद्दल पूर्वी एक प्रकरण होऊन गेलं होतं. पण कवळी काढता-घालता येते, कान येत नाही, एवढा फरक त्यांनी पेन्सिलीने समासात टिपला आणि खिडकीतून नेहमीची हाक मारली, "पुढचा!"

पुढचा बाबली तांडेलच होता. चाळिशीचा, रुंद छातीचा गडी. त्याचे दोन्ही कान जागच्या जागी होते, हे नेरूरकरांनी आधी पाहून घेतलं. मग त्यांच्या लक्षात आलं की माणूस सरळ उभा नाही. प्यालेला माणूस झुलतो. हा झुलत नव्हता. शिडात वारा भरलेली होडी एका कुशीवर कलते आणि कललेलीच चालत राहते, तसा तो डावीकडे कलून स्थिर होता. त्याची बायको तुळसा त्या बगलेत खांदा देऊन उभी होती.

"काय झालं?"

"कान थंयच रवलो, भाऊसाहेब."

"मग हा कोणाचा?"

"ह्यो भायरचो. आतलो रवलो."

नेरूरकरांनी नियम सांगितला. ज्याला उभं राहता येत नाही त्याला होडी नेता येत नाही. म्हणून तर बाबलीचा परवाना स्थगित झाला होता.

"होडी नेल्याशिवाय कान मेळाचो नाय," तुळसा म्हणाली, "नि कान गावल्याशिवाय उभ्या रवाक येवचा नाय. ह्यातलो पयलो अर्ज खंयचो करूचो, ता तुम्हीच सांगा."

"दुसऱ्या कोणाला पाठवा."

"ज्येनी दिलो त्येनीच घेवचो," बाबली म्हणाला. "दुसऱ्याच्या हातात कसो येतलो?"

नेरूरकरांच्या नोकरीत ढोंगं पुष्कळ झाली होती. ते उठून पडवीत आले, बाबलीच्या डाव्या अंगाला उभे राहिले आणि खाकरून अगदी नेहमीच्या आवाजात त्याच्या कानाशी म्हणाले, "बसा. अर्ज विचाराधीन आहे. सावकाश होईल."

बाबलीची पापणीही हलली नाही. तुळसाच्या तोंडावरचं रक्त मात्र उतरलं.

"भाऊसाहेबानू, त्या कानात बोला नको."

"त्यांना ऐकू येत नाही ना?"

"*ह्येंका* येना नाय," ती म्हणाली.

२

'वैद्यकीय दाखला जोडावा' असा साहेबांचा शेरा पडला. तालुक्याच्या दवाखान्यात बाबलीबरोबर नेरूरकर स्वतः गेले. सरकारी कामाची तेवढी ओढ त्यांना नव्हती. पण कानाबद्दल त्यांनी बरंच वाचलं होतं आणि वाचलेलं कुणाला तरी ऐकवायची संधी ते सोडत नसत. ती मिळाली नाही. डॉक्टरच बोलत राहिले.

"पडदा उत्तम. मळ नाही, पू नाही. विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवावा असा कान आहे." डॉक्टरांनी कपाळावरचा आरसा वर सारला. "पडद्यामागे तीन हाडं, शेवटचं तर तांदळाच्या कणीएवढं. त्याच्यापलीकडे शंखाची वेटोळी असावी तशी पोकळी, पाण्याने भरलेली. आवाजाने पडदा हलतो, हाडं हलतात, पाणी हलतं, पाण्यातल्या केसांना ते कळतं, आणि आपण म्हणतो, ऐकू आलं. त्याच पाण्याला लागून तीन वाकड्या नळ्या आणि दोन पिशव्या. पिशव्यांत चुन्याचे बारीक कण असतात. ते कुठे ओढले जातात त्यावरून आपल्याला कळतं, खाली कुठे आहे ते."

"म्हणजे ऐकण्याच्या कारकुनाकडेच तोलाचा अतिरिक्त कार्यभार," नेरूरकर म्हणाले.

"तसं समजा. आणि रजा दोन्हीकडून एकदमच घेतो."

डॉक्टरांनी दोन पायांचा लोखंडी चिमटा टेबलावर ठोकून डाव्या कानाशी धरला. चिमटा बारीक, लांबलचक गुणगुणत राहिला. बाबली शांतपणे भिंतीकडे बघत होता. मग त्याला डोळे मिटून उभं केलं. तो डावीकडे गेला, इतका की डॉक्टरांनी धरला नसता तर औषधांचं कपाट आलं असतं.

जेवणानंतर पुन्हा तपासलं. आता तो उजवीकडे कलत होता.

"हे बरोबर नाही," डॉक्टर म्हणाले. "हा आजार जेवणाच्या सुट्टीत बाजू बदलत नाही."

नेरूरकर खिडकीशी होते. दवाखान्यामागे खाडी होती. सकाळी भरती चढत होती तेव्हा नांगरलेल्या होड्यांची तोंडं समुद्राकडे होती. आता ओहोटी लागली होती आणि साऱ्या होड्या दोरावर फिरून उलट्या तोंडाने उभ्या होत्या. नेरूरकरांनी होड्यांकडे पाहिलं, बाबलीकडे पाहिलं, आणि हा आपल्या पाहणीचा विषय नाही असं ठरवून ते गप्प राहिले.

दाखल्यात डॉक्टरांनी लिहिलं : 'कान शाबूत. कारण आढळत नाही.' या पाच शब्दांनी बाबलीचं नुकसानच झालं. कान शाबूत, तर मग हरवलं काय?

३

पुढचा शेरा आला, 'प्रत्यक्ष पाहणी करावी.' नेरूरकर तरीच्या होडीने खाडी ओलांडून तोंडवलीला गेले. ऊन इतकं होतं की वाळूकडे बघवत नव्हतं.

घर माडांत होतं, शेणाने सारवलेलं, स्वच्छ. पण घरात आवाज नव्हता. भांडी जमिनीवर न ठेवता गोणपाटावर ठेवली होती. तुळसा कुजबुजत बोलत होती. बाबली पडवीत खांबाला पाठ लावून बसला होता आणि जुन्या लुगड्याने त्याला खांबाशी बांधला होता, झोपेत गडगडत अंगणात जाऊ नये म्हणून. डाव्या कानात कापूस कोंबून वरून फडकं आवळलं होतं. तुळसाचा भाऊ शिवा पायरीवर बसला होता. तो बाबलीच्याच होडीवर असे.

"नक्की काय झालं, ते क्रमाने सांगा," नेरूरकर म्हणाले.

शिवाने सांगितलं. घोळ हा मासा पाण्याखाली घुरघुरतो. तो कुठे आहे हे बघायला तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, वल्ह्याचं पातं पाण्यात सोडतो आणि मुठीला कान लावतो. लाकडातून आवाज वर येतो. ह्याला कान देणं म्हणतात.

"आयकून झाला काय वल्हा होडयेच्या काठार आपटूचा, कानार हात फिरवचो नि म्हणाचा, 'कान घेतलंय.' मगेच उठाचा."

"आणि नाही म्हटलं तर?"

"कोण म्हणना नाय? माझो बापूस म्हणी, त्येचो बापूस म्हणी. नाय म्हटल्यार काय होता, ता सांगूक कोण उरलोच नाय."

"बाबलीने नाही म्हटलं?"

शिवाने बाबलीकडे पाहिलं. बाबली उजव्या कानाने ऐकत होता. तो हळू बोलला.

"मोठो थवो होतो, भाऊसाहेब. जात्यासारखी घुरघुर. मगे एकदम गप झाली. सगळी, एकाच वक्ताक. माका वाटला, वल्हा सुटला. म्हणान कान घट लावलंय. तर थंयसून पण कोणीतरी लावलो."

"काय लावलं?"

"कान. वल्ह्याच्या दुसऱ्या टोकाक."

शिवाने पायरीवरचे पाय वर ओढून घेतले.

"मी तसोच उठलंय," बाबली म्हणाला. "म्हणाचा रवला."

नेरूरकरांनी मनातल्या मनात प्रकरण निकालात काढलं. माणूस दचकला, डोक्याला झटका बसला, आतले चुन्याचे कण सरकले. बाकी सगळं गावठी भीतीचं. तुळसाला ते त्यांच्या तोंडावर दिसलं असावं. तिने फडकं सोडलं, कापूस काढला आणि नुसत्या हाताने खूण केली : ऐका.

नेरूरकर वाकले आणि त्यांनी आपला उजवा कान बाबलीच्या डाव्या कानाला भिडवला. दोन मोठी माणसं असं करताना कशी दिसतात याची कल्पना येऊन त्यांना जरा हसू आलं. आत समुद्राचा आवाज होता. शंखातही येतो, तो आपल्याच आसपासचा आवाज असतो, हे त्यांनी वाचलेलं होतं. ते तसं सांगायला तोंड उघडणार, इतक्यात तो आवाज थांबला. विरत गेला नाही. दारामागे उभ्या असलेल्या माणसाने श्वास धरावा, तसा थांबला.

नेरूरकर सरळ झाले. तुळसाने लगबगीने कापूस बसवला.

"किती दिवस लागतले?" तिने अंगणात आल्यावर विचारलं. "दर्या बंद होयत आता. मगे नारळी पुनवेपर्यंत होडी घालूक कोण देवचो नाय. तवसर ह्ये रवतत काय नाय, माका म्हायत नाय. अन्न पोटात ठरना नाय. खंय खाली नि खंय वर, ताच ह्येंका कळना नाय."

४

मे महिना उजाडला. मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र राज्य आलं आणि नेरूरकरांचे पुष्कळ दिवस जुन्या कागदांवरचं 'मुंबई' खोडून हाताने 'महाराष्ट्र' लिहिण्यात गेले. राज्य बदललं, शाई तीच. या गडबडीत वरच्या कचेरीतून बाबलीचा अर्ज परत आला : 'कान समुद्रात असल्याचा पुरावा आढळत नाही. स्थळपाहणी करून अभिप्राय द्यावा.'

नेरूरकरांनी शिवाला बोलावलं. आज दुपारी जाऊ, ऐकू, काही नाही असं लिहू. मग डॉक्टरांना म्हणू, मिरजेला पाठवा माणसाला. बाबलीचं भलंच त्यांच्या मनात होतं.

समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट होता. किनारा निळसर रेघेएवढा झाला तेव्हा शिवाने वल्हं थांबवलं.

"हंयच."

"कशावरून?"

"त्या दिसापसून हंय आमच्यातलो कोण परत इलो नाय, त्यावरून." त्याने एक वल्हं नेरूरकरांकडे सरकवलं. मग पुन्हा सगळं पढवलं : आपटायचं, हात फिरवायचा, म्हणायचं. आणि स्वतः दोन्ही कानांवर तळवे दाबून पाठ फिरवून बसला.

नेरूरकरांनी चष्मा काढून खिशात ठेवला, पातं पाण्यात सोडलं आणि मुठीला उजवा कान लावला. लाकूड ओलं, माशांच्या तेलाने गुळगुळीत झालेलं. आधी नुसती स्वतःच्या रक्ताची धडधड. मग खालून खरोखरच घुरघुर आली, दूरच्या घरात जातं फिरावं तशी. नेरूरकरांना बरं वाटलं. घोळ मासा आवाज करतो, लाकूड तो आणतं, यात काही गूढ नाही. अभिप्रायाची वाक्यंही त्यांना सुचू लागली.

घुरघुर थांबली. सगळी, एकदम.

त्या शांततेत एक बारीक, लांबलचक गुणगुण होती. आपलाच कान वाजतोय, त्यांनी स्वतःला सांगितलं, वय झालं. पण तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. दवाखान्यातल्या टेबलावर ठोकलेल्या चिमट्याचा.

गुणगुण विझली. मग खाली कोणीतरी खाकरलं. त्या खाकरण्यात मधे एक अडखळ होती, जी नेरूरकरांच्या पत्नीला लग्न झाल्यापासून खटकत आली होती.

"बसा," त्यांचाच आवाज म्हणाला. "अर्ज विचाराधीन आहे. सावकाश होईल."

नेरूरकर हलले नाहीत. प्रतिध्वनी, त्यांच्या मनाने सांगितलं. दुसऱ्याच मनाने विचारलं, इतक्या दिवसांनी?

"बसा. अर्ज विचा राधीन आहे." शब्द चुकीच्या जागी तुटला. थोडं थांबून पुन्हा आला, आता बरोबर. पुन्हा आला. कोणीतरी पाठ करत होतं. आणि त्या आवाजाच्या मागे, जरा बारीक, जरा उशिरा, आणखी काही जण म्हणत होते.

तेवढ्यात हातातलं वल्हं किंचित खाली दबलं. दांडग्या माशाने ओढावं तसं नव्हे. एखाद्याने नीट ऐकू यावं म्हणून बूड टेकून बसावं, तसं.

नेरूरकरांनी डोळे उघडून वल्ह्याच्या अंगाने खाली पाहिलं. चष्मा नव्हता, पाणी हिरवं, गढुळसर. पात्याच्या टोकाशी काहीतरी फिकट होतं, गालाएवढं. झोपायला आलेला माणूस उशीला गाल लावतो, तितक्या विश्वासाने ते लाकडाला टेकलेलं होतं.

ते ताडकन उठले. होडी कलंडता कलंडता राहिली. शिवाने वळून बघितलं आणि ओरडला, "म्हणा! भाऊसाहेब, आधी घेतलंय म्हणा!"

नेरूरकरांना शब्द आठवेनात. काहीतरी घेतल्याचं सांगायचं आहे, एवढंच डोक्यात राहिलं होतं. आणि सरकारी चाकरीत उभा जन्म गेलेल्या त्यांच्या जिभेला घेण्याची जी एकच गोष्ट ठाऊक होती, ती ती बोलून गेली.

"नोंद घेतली."

शिवाने कपाळावर हात मारला. "काय घेतलास?"

"नोंद."

होडी तोवर सरकली होती. परतताना नेरूरकरांनी वल्हं काठावर आपटून, कानावर हात फिरवून, 'कान घेतलंय' असं पुन्हा पुन्हा म्हटलं, शुद्ध आणि स्पष्ट. शिवा किनारा येईपर्यंत बोलला नाही. उतरताना म्हणाला, "हंय बोलान काय उपेग? तो थंय आसा."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी नेरूरकरांना भिंतीवरच्या तसबिरी वाकड्या दिसल्या. त्यांनी एकेक करून सगळ्या सरळ केल्या. पत्नी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, चांगल्या होत्या त्या. सगळ्या वाकड्या कशाला केल्यात?"

उजव्या कानाने तिचं बोलणं ऐकू आलं नव्हतं. डाव्याने आलं.

भिंतीला हात लावत ते कचेरीत गेले आणि त्यांनी आयुष्यातला सर्वात छोटा अभिप्राय लिहिला : 'अर्जदाराचे म्हणणे खरे आहे. परवानगी आजच द्यावी.' साहेबांनी तो वाचला, कारकुनाकडे पाहिलं, त्याच्या ओळी कागदावर कशा उतरत गेल्या आहेत तेही पाहिलं आणि शेरा मारला : कारकून स्वतःच त्याच तक्रारीने ग्रस्त दिसतो, सबब त्याचे हितसंबंध गुंतलेले आहेत, सबब त्याचा अभिप्राय विचारात घेता येत नाही. नेरूरकरांना राग आला नाही. शेरा बिनचूक होता. त्यांनीही हाच लिहिला असता.

मे संपता संपता दर्या बंद झाला. होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारल्या.

मग एक दिवस तुळसा एकटीच खिडकीशी आली. गाठ सैल झाली होती, ती म्हणाली. भरतीच्या वक्ताला बाबली सुटला आणि चार हातापायांवर वाळूतून खाली गेला. ती आणि शिवा धावत पोचले तेव्हा तो छातीभर पाण्यात होता.

"खांबासारखो सरळ उभो होतो, भाऊसाहेब. लाट इली तरी हलना नाय. इतक्या दिवसांत पयल्यांदाच सरळ बघितलंय." तिने पदराचं टोक दातांत धरलं, सोडलं. "माका बरा वाटला. मेलंय मी, माका बरा वाटला. दोन घडी हाकच मारूक नाय."

"मग?"

"मगे शिवान ओढून हाडलो. आता दोन गाठी मारतंय. परवानगी केव्हा गावतली?"

नेरूरकरांनी तोंड उघडलं. शब्द तयार होते, जन्मभर तयार होते. पण ते शब्द आता आणखी कुठे पाठ केले जातात हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांचा उजवा कान खिडकीकडेच होता. त्यांनी तोंड मिटून घेतलं. मानेनेच नाही म्हणाले. तिला ते हो वाटलं की काय कोण जाणे, कारण मान सरळ हलत नव्हती. ती "देव बरा करो" म्हणून गेली.

त्या आठवड्यात रविवारी, कचेरी बंद असताना, नेरूरकर घरी पडवीत उशांच्या आधाराने बसले होते. भरती चढत होती; ते आता न बघता कळे. इतके दिवस मुका असलेला उजवा कान अचानक उघडला. आधी पाण्याचा जड आवाज. मग जवळच, अगदी पलीकडे कोणी टेबल मांडून बसलेलं असावं इतक्या जवळ, कोणीतरी त्यांच्यासारखं खाकरलं. मग जो शब्द आला, तो बाबलीच्या कानात नेरूरकर कधी बोलले नव्हते. कचेरीत मात्र रोज बोलत होते, आपला कान कुठे राहिला आहे याचा विचार न करता.

"पुढचा!" त्यांच्या आवाजात हाक आली.

आणि खाली रांगेत कोणीतरी एक पाऊल पुढे सरकलं.

सोमवारी नेरूरकरांनी रजेच्या कागदाबरोबर एक अर्ज पाठवला. मजकूर त्यांनी जुन्याच अर्जावरून उतरवला. 'डावा'च्या जागी 'उजवा' केला, एवढंच. विषय एकच असल्याने दोन्ही अर्ज एका फायलीत बांधण्यात आले. अर्जदार क्रमांक एक तोंडवली येथे घरी, खांबाशी आहे. अर्जदार क्रमांक दोन रजेवर आहे. होडी नेण्यास नारळी पौर्णिमेपर्यंत मनाई आहे. त्यापुढे परवानगी द्यावी किंवा कसे, याबाबत वरच्या कचेरीकडून उत्तर आलेलं नाही.

दोन्ही अर्ज विचाराधीन आहेत.